धुऱ्यातला डबा: शापित शस्त्राची कथा लिहिणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुण लेखकाला वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात घडणारी थरारकादंबरी लिहायची आहे. पणजोबांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून आणलेली जपानी तलवार आज वाड्याच्या माळ्यावर सापडते. तिला शाप आहे. जो हात लावतो तो आठ दिवसांत जळून मरतो. तलवारीसोबत एक गंजका पत्र्याचा डबाही निघतो, पण तो नुसता वातावरणनिर्मितीला. लेखकाने पहिली चाळीस पानं पाठवली आहेत आणि विचारलं आहे: शस्त्राचा भाग खरा वाटावा म्हणून काय करू?

तलवार काढून टाका आणि डबा ठेवा. एवढंच सांगून थांबलो असतो, पण तुम्ही मेहनत घेतली आहे, म्हणून कारणं देतो.

मी फौजेत २६ वर्षं दारूगोळ्याच्या तांत्रिक कामात होतो. त्यातली बरीच वर्षं जुना, बाद झालेला माल नष्ट करण्यात गेली. आता देवळी तालुक्यात घरचं कापूस-तूर पाहतो. त्यामुळे माझा काटा डब्याच्या बाजूला झुकणार, हे धरूनच वाचा.

तलवारीचं आधी उरकतो. जपानी सार्जंट लोकांना १९३५च्या नमुन्याची जी तलवार मिळायची ती कारखान्यातली. मूठ ओतीव धातूची, वर दोरी गुंडाळल्यासारखा साचा आणि त्यावर रंग. मुठीजवळ पात्यावर नंबर ठोकलेला आणि म्यानावर तोच नंबर. जपानात शापित तलवारींची परंपरा आहे, मुरामासा नावाच्या कारागिराची पाती जपानच्या सत्ताधारी तोकुगावा घराण्याला बाधतात अशी जुनी समजूत होती. पण सायकलसारखा फ्रेम नंबर असलेल्या तलवारीला कोणतं भूत धरून बसणार? शिवाय तुमचे पणजोबा लॉरी ड्रायव्हर. शरणागतीत तलवारी गेल्या त्या बहुतेक साहेबलोकांच्या सामानात. ड्रायव्हरच्या ट्रंकेत निघेल मेस टिन (फौजी जेवणाचं भांडं), कांबळं, फार तर बर्मा स्टारचं पदक.

आणि वयाचा हिशोब तेवढा पाहा. बाविसाव्या पानावर ते १९४३ला चाळिशीचे आहेत आणि त्याच वर्षी नवीन भरती होतात. जमत नाही. विशीचे करा.

आता डबा. तुम्ही त्याच्यावर अडीच ओळी खर्च केल्या आहेत, आणि त्या अडीच ओळींतच तुमची कादंबरी आहे. १९४३पासून इंग्रजांच्या आणि आपल्या पलटणींकडे ७७ नंबरचा ग्रेनेड होता. पातळ पत्र्याचा डबा, मुठीत मावेल एवढा, आत पांढरा फॉस्फरस. काम धूर करण्याचं, पण तो जाळायचाही. लॉरीवरून असला माल वाहणाऱ्या माणसाने एखादा तसाच घरी आणला, तर त्यात अशक्य काही नाही. लोकांनी याहून वेडगळ वस्तू घरी आणलेल्या मी पाहिल्या आहेत. एका घरात तोफगोळ्याच्या पितळी केसमध्ये छत्र्या ठेवलेल्या होत्या.

पांढरा फॉस्फरस म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण तुमचा सगळा शाप त्याच्यात तयार बसलेला आहे. तो मेणासारखा मऊ, पिवळसर. लसणासारखा वास येतो. उंदरांच्या जुन्या पिवळ्या मलमाला यायचा तोच. अंधारात हवा लागली की फिकट हिरवट उजेड देतो. दमट हवेत साधारण ३० अंशांच्या आसपास आपोआप पेटू शकतो. पाणी टाकलं की विझतो, आणि वाळला की पुन्हा पेटतो. शेवटचं वाक्य परत वाचा. विझवलेली आग तासाभराने, कोणी जवळ नसताना, त्याच जागी पुन्हा लागते. कपड्यात कण राहिला तर कपडा खुंटीवर वाळत घातल्यावर पेट घेतो. कातडीत रुतलेला कण जखमेवरचं ओलं फडकं सुटलं की परत धुमसतो.

आणि मरण. तुम्ही आठ दिवस धरले आहेत, ते उगाच नाहीत. या जळण्याचा डाग लहान दिसतो, पण फॉस्फरस अंगात भिनतो, रक्तातलं कॅल्शियम खाली जातं, हृदयाचे ठोके बिघडतात. माणूस खाटेवर बसून चहा पितोय, बोलतोय, आणि गेला. डॉक्टरला त्याचं कारण ठाऊक असतं. पण दवाखान्याच्या बाहेर पिंपळाखाली बसलेल्या नातेवाइकांना कोण सांगणार? ते म्हणतात, ‘बरा होत होता ना हो.’ हे वाक्य तुमच्या कादंबरीत कुठेतरी येऊ द्या.

तुमच्या गावाचं हवामान इथे तुमच्या मदतीला येतं. पांढऱ्या फॉस्फरसचा वितळणबिंदू ४४ अंश आहे. लंडनच्या लेखकाला हा आकडा काही कामाचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात ४४ म्हणजे ‘आज जरा बरं आहे’. नागपुरात २३ मे २०१३ला ४७.९ होतं. म्हणजे आपल्या सावलीतसुद्धा तो डबा आतून पातळ होऊ शकतो. पातळ झाला की फुगतो आणि गंजाने पडलेल्या टाचणीएवढ्या भोकातून बाहेर येतो. बाहेर आला की धूर, आग, मग वर एक कवच धरतं आणि भोक बुजतं. पुढचं ऊन लागेपर्यंत शांत. हिवाळ्यात काही नाही, पावसाळ्यात काही नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की जागतो. शापाला ऋतू असतो हे वाचकाच्या लक्षात हळूहळू येऊ द्या, तुम्ही सांगू नका.

पण मग तो माळ्यावर नको. माळा म्हणजे टिनाखालची भट्टी, तिथे ऐंशी वर्षं डबा शांत बसला हे मला पटणार नाही. पणजोबांनी तो पुरला पाहिजे. काळ्या मातीत, दोन-अडीच हात खोल, जिथे उन्हाळ्यातही ओल आणि गारवा राहतो. कुठे? धुऱ्यात, म्हणजे शेताच्या बांधात. आणि पोरांना सांगून गेले पाहिजेत: या धुऱ्याला नांगर लावायचा नाही, वखर न्यायचा नाही, तिथे निजायचं नाही. कारण सांगायचं नाही, कारण सरकारी माल आणला म्हणून शिक्षा होईल ही धास्ती. दोन पिढ्यांनी त्याच सूचनेचा शाप झाला. माझ्या मते बऱ्याच शापांचा उगम असाच असतो, कोणीतरी घाबरून दिलेली आणि कारण गाळलेली सूचना.

तो वर कसा येणार, यासाठी तुम्हाला जेसीबी लागणार नाही. शेततळ्याचं खोदकाम, रस्त्यासाठी मुरूम काढणं, हे सगळे लेखक वापरतात. आपली काळी माती स्वतःच हे काम करते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती भेगेत घसरते, खालची वर रेटली जाते, आणि वर्षानुवर्षांत पोटातले दगड वर येतात. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, दरवर्षी वेचले तरी वावरात दगड ‘उगवतात’. तसाच डबा उगवू द्या. एका वर्षी धुरा थोडा फुगलेला दिसतो. पुढच्या वर्षी तिथली गाजरगवताची रोपं करपलेली. तिसऱ्या वर्षी भेगेतून रात्री हिरवट उजेड. माझ्या मते तुमच्या कादंबरीतली सगळ्यात भीतिदायक गोष्ट ही होऊ शकते: शस्त्र कोणी काढलेलं नाही, जमिनीने दिलं आहे.

आता एक प्रसंग सांगतो, तो तुम्हाला वापरायला दिला.

नोकरीत असतानाची गोष्ट. मेचा तिसरा आठवडा. एका खेड्यातून पोलिसांमार्फत निरोप आला, ‘बम सापडला, आणि तो पेटतो.’ भंगारात आलेला मॉर्टरचा (उखळी तोफेचा) धुराचा बॉम्ब होता. आमची गाडी पोचली तेव्हा दुपारचे तीन. अर्धं गाव लांब कडुनिंबाखाली उभं. गोठ्यामागे उकिरड्याच्या कडेला एक म्हातारी एकटी बसलेली, डोक्यावर पदर, हातात पितळी लोटा. जवळ गेलो तर बॉम्ब दिसलाच नाही. दिसलं ओलं तरट, त्याच्यावर शेंदराचा ठिपका, आणि वर बांबूच्या तिपाईला टांगलेलं मडकं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात कापसाची वात, आणि थेंब थेंब पाणी तरटावर. महादेवाच्या पिंडीवर श्रावणात गळती लावतात ना, तशी गळती.

मी विचारलं, ‘मावशी, हे पाणी काहून?’

ती म्हणाली, ‘पाणी थांबलं का तो जागते बापू. मंग त्याले निजवाले दोन घागरी लागते.’

पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवायचा, वाळू द्यायचा नाही, हे मला वर्गात बसवून, परीक्षा घेऊन शिकवलं होतं. तिने चार दिवसांत बघून ओळखलं होतं. घरातल्या दोघांचे हात भाजल्यावर तिने पोरांना तिथून हाकललं, स्वतः बसली, रात्रीसुद्धा उठून मडकं भरत होती. तिच्या हिशोबाने ती देवाला थंड ठेवत होती. माझ्या हिशोबाने तिने त्या गावातलं सगळ्यात शिस्तीचं काम केलं होतं. आम्ही तो बॉम्ब तरटासकट पाण्याच्या टाकीत बुडवून नेला. निघताना ती म्हणाली, ‘न्या, पण पाणी तोडू नोका.’

तुमच्या कादंबरीत मांत्रिक आहे, तहसीलदार आहे, इंजिनिअर नायक आहे. ही बाई नाही. तिला आणा, आणि तिला वेडी दाखवू नका.

जुनं म्हणजे मेलेलं, ही दुसरी चूक तुमच्या एका पात्राच्या तोंडी आहे (‘ऐंशी वर्षांपूर्वीचा माल, आता काय उडतो’). ते वाक्य राहू द्या, पण बोलणाऱ्याला महागात पडू द्या. दारूगोळा म्हातारा होतो तसा तिरसट होतो. फ्यूजमध्ये, म्हणजे गोळा फोडणाऱ्या कळीत, लेड अझाइड नावाचा स्फोटक पदार्थ असतो. ओल लागली आणि शेजारी तांबं-पितळ असलं की त्याचा कॉपर अझाइड होतो, तो नुसत्या घासण्याने उडतो. जुन्या काळी तोफगोळ्यांत पिक्रिक ॲसिड भरत. धातूला लागून त्याचेही असेच चिडके क्षार होतात. टीएनटी नावाचं स्फोटक वर्षानुवर्षं पाझरतं. आमच्याच जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३०-३१ मे २०१६च्या मध्यरात्री जी आग लागली, त्यात आग विझवायला धावलेले जवान आणि अधिकारी गेले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेल्या टीएनटीची चर्चा त्यानंतरच सामान्य माणसाच्या कानावर आली. तारीख पाहा, पुन्हा मे अखेर. आमच्या भागातल्या लोकांना त्या रात्री खिडक्यांची तावदानं कशी वाजली ते आजही आठवतं. अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ला, तिथल्याच जुना माल नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत मजुरीला आलेले गावकरी होते.

म्हणून तुमच्या कथेत भंगारवाला हवा. आपल्याकडे अशा मैदानांच्या आजूबाजूच्या गावांत लोखंड-तांबं वेचणं हा पोटाचा धंदा आहे, साहस नाही. तोफगोळ्याच्या खालच्या अंगाला तांब्याचा पट्टा असतो. तो छिनीने काढला की भंगारात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. आता एक बारकावा, जो सहसा कादंबरीत येत नाही. त्या पट्ट्यावर तिरप्या रेघा आहेत का पाहायचं. तोफेच्या नळीतल्या आट्यांनी त्या उमटतात. रेघा असल्या म्हणजे गोळा झाडलेला आहे, म्हणजे झटका आणि गरगर दोन्ही मिळाल्याने आतला फ्यूज तयार झालेला आहे, फक्त फुटायचं राहिलं आहे. पट्टा गुळगुळीत असेल तर तो कधी उडालाच नाही. रेघा असलेल्या, न फुटलेल्या गोळ्याला आमच्यात ब्लाइंड म्हणतात. तुमचा भंगारवाला रेघा बघून म्हणेल, ‘हा वापरलेला हाय, खाली आहे.’ वाचकाला तोवर खरं माहीत असेल, तर त्या छिनीच्या पहिल्या ठोक्याला तो पुस्तक बाजूला ठेवेल. भूत आणायचीही गरज नाही.

गावातली हालचाल पटापट सांगतो. वस्तू सापडली की पहिली कुजबुज बॉम्बची नसते, गुप्तधनाची असते. पायाळू माणूस शोधला जातो. मग देवऋषी, कोंबडं, लिंबं. कपडे आपोआप पेटले की ‘भानामती’. इथे तुम्हाला काळजी घ्यायची आहे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा आहे, आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी विदर्भात गावोगाव प्रयोग करून दाखवले आहेत. राखेतून आग, नारळातून आग, सगळं. आपल्या खेड्यातला दहावीचा पोरगाही आपोआप लागलेली आग पाहून ‘फॉस्फरस असन’ म्हणतो. तुमचा वाचक तो पोरगाच आहे. तुम्ही फॉस्फरस तीनशेव्या पानावर रहस्य म्हणून उघड केलात, तर तो हसेल. म्हणून साठाव्या पानावरच सांगून टाका. नायकाला वास येतो, तो ओळखतो, सगळं समजावतो, गाव सुटकेचा श्वास सोडतं. भीती त्याच्यानंतर सुरू करा.

पोलीस पाटलाला विसरू नका. निरोप त्याच्याकडून ठाण्यात, ठाणेदाराकडून जिल्ह्याच्या बॉम्बशोधक पथकाकडे, आणि माल लष्करी निघाला तर आमच्यासारख्यांकडे. या सगळ्याला वेळ लागतो. तुम्ही हे तीन ओळींत आटोपलं आहे. तो वेळच तर तुमचा. दोन दिवस, ४५ अंश, लाल फडकी बांधलेल्या काठ्या, राखणीला एक होमगार्ड, आणि मध्ये काही न करता पडलेली वस्तू.

एकतिसाव्या पानावरचा हवालदार डबा रॉकेलने पुसतो ते काढून टाका, मला पुढे वाचवेना.

राहिला तुमचा खरा प्रश्न, म्हणजे अमानवी भाग ठेवायचा का. ठेवा. मी देव-भूत मानत नाही, पण कथेत मला ते चालतं, एका अटीवर: जे विज्ञानाने सुटतं ते प्रामाणिकपणे सोडवून दाखवा. आग, उजेड, वास, ऋतू, आठ दिवसांतलं मरण, जमिनीने वस्तू वर देणं, हे सगळं माझ्या खात्यातलं आहे, हक्काने घ्या. सगळी बेरीज लागल्यावर एक लहानशी गोष्ट शिल्लक राहू द्या. मोठी नको.

कसली, ते सांगतो. त्या गावातून बॉम्ब नेल्यावर आम्ही तो त्याच संध्याकाळी नष्ट केला, कागदावर सह्या केल्या. जागेवरची वीतभर माती खरवडून नेली होती. पंधरा दिवसांनी पोलीस पाटलाचा फोन आला, ‘साहेब, रातची ते जागा चमकते.’ कण राहिला असेल म्हणून मी परत गेलो. हातभर खोल माती काढली, अंधार पडेपर्यंत थांबलो, दिवे बंद करून तासभर पाहिलं. काही नव्हतं. म्हातारी माझ्या मागे लोटा घेऊन उभी होती. मडकं अजून तिपाईला टांगलेलं होतं आणि रिकाम्या खड्ड्यात थेंब पडत होते. मी म्हटलं, ‘मावशी, आता काही नाही इथं. पाणी बंद करा.’

तिने खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ‘तुमाले दिसत नाही ना? मंग बराबर निजला हाय तो.’ आणि मडक्यात लोटा ओतला.